गिम्पमधे फोटो सेव्ह केला पण स्टुडिओत उघडतच नाही, तीन रात्रींची मेहनत गेली का?

महालातला_धाकटा
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात काढला असेल तर हलवून टाका. बाबांना पुढच्या महिन्यात ७५ पूर्ण होतात, घरीच छोटा कार्यक्रम करून राहिलो. त्यांच्या लहानपणाचा एकच फोटो आहे, तान्ह्या पोळ्याचा (लहान पोरांचा लाकडी नंदीचा पोळा), पाच-सहा वर्षांचे असतील, नागपूरच्या महालातल्या जुन्या घराच्या ओट्यासमोर लाकडी नंदीची दोरी धरून उभे. काळा-पांढरा, ३ बाय साडेचार इंच, मधोमध घडी पडलेली आणि ती घडी नेमकी नंदीच्या डोक्यावरून गेलेली, एक शिंग तिथंच गायब. तर मी दुकानातून स्कॅन करून आणला, फुकट आहे म्हणून गिम्प हे फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर टाकलं, यूट्यूब पाहून पाहून तीन रात्री बसलो, घडी बऱ्यापैकी घालवली, सेव्ह केलं आणि पेनड्राइव्ह घेऊन बर्डीवर एका स्टुडिओत गेलो. तिथला पोरगा म्हणे काका ही फाईलच उघडत नाही, जेपीजी आणा. घरी आलो, भाच्यानं नाव बदलून शेवटी डॉट जेपीजी करून दिलं, पुन्हा ४४ च्या उन्हात स्कूटीवर बर्डी. आता म्हणे फाईल खराब आहे. सगळं गेलं का हो? मला यातलं काही म्हणजे काही समजत नाही, एक्सेलच्या पुढे कधी गेलो नाही.

तर्री_जास्त
भाऊ आधी माठातलं पाणी प्या. काही गेलं नाही. तुमच्या फाईलचं मूळ नाव डॉट एक्ससीएफ होतं ना? ते गिम्पचं स्वतःचं आहे, स्टुडिओवाल्याकडे फोटोशॉप असणार, ते उघडणार नाही त्याच्याकडे. भाच्याला सांगा नाव बदलून फाईल बदलत नाही, डब्यावर चिवडा लिहिलं म्हणून आतल्या शेवेचा चिवडा होते का? परत एक्ससीएफ नाव द्या, गिम्पमधे उघडा, सगळं जसंच्या तसं दिसेल.

महालातला_धाकटा
उघडलं!! देवा. बायकोला हाक मारून दाखवलं. आता जेपीजी कसं करू? सेव्ह अ‍ॅजमधे जाऊन शेवटी जेपीजी लिहिलं तर एक डबी आली, काहीतरी लांबलचक लिहिलंय आणि होतच नाही.

पिक्सेलकाका
त्या डबीतच उत्तर आहे, पण कोणी वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं. गिम्पमधे सेव्ह आणि एक्स्पोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत. सेव्ह केलं की फक्त एक्ससीएफच होणार. बाकी जेपीजी, पीएनजी, टिफ काहीही पाहिजे असेल तर फाईल मेनूत खाली एक्स्पोर्ट अ‍ॅज, नाहीतर कंट्रोल शिफ्ट ई. नाव लिहिताना शेवटी डॉट जेपीजी लिहा, ते त्यावरूनच ओळखतं.

पूर्वी असं नव्हतं बरं का. २०१२ साली २.८ आवृत्ती आली तेव्हा हे वेगळं केलं आणि तेव्हा लोकांनी काय शिव्या घातल्या, मीपण त्यात होतो, म्हटलं एवढ्याशा कामाला दोन दोन मेनू कशाला. नंतर एकदा लग्नाच्या पत्रिकेचं सगळं काम जेपीजीत चपटं करून बसलो आणि नवरीच्या वडिलांनी तारीख बदलली, तेव्हापासून गप आहे. एक्ससीएफमधे तुमचे सगळे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, वेगवेगळे राहतात, जेपीजीत एकच सपाट चित्र उरतं.

एक्ससीएफ म्हणजे काय असंही लोक विचारतात. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मधे गिम्प सुरू केलं, तिथल्या विद्यार्थ्यांच्या कॉम्प्युटर क्लबचं नाव एक्सपेरिमेंटल कॉम्प्युटिंग फॅसिलिटी, त्याची अक्षरं. तुम्हाला उपयोग शून्य, पण सांगून टाकलं.

उन्हाळी_कूलर
एवढं कशाला, मोबाईलवर आता एआयवाले अ‍ॅप आहेत, फोटो टाका, दहा सेकंदात नवा कोरा. गिम्प वगैरे जुन्या लोकांचं काम.

बर्डीवाली
@उन्हाळी_कूलर मी केलाय हा प्रयोग, माझ्या आजीच्या फोटोवर. दहा सेकंदात खरंच कोरा झाला, फक्त त्यात आजी नव्हती. कोणीतरी गोरी-गोमटी बाई, चापून चोपून बसवलेले केस, आजीच्या भुवईवरची खूण गायब, नथ उजव्या बाजूला. मामा म्हणाला ही कोण. लहान पोराच्या फोटोत तर चेहरा नखाएवढा असतो, अ‍ॅपला दिसत नाही ते स्वतःच्या मनानं भरतं.

उन्हाळी_कूलर
😄 नथ उजवीकडे हे जास्त झालं. बरं, मागे घेतो.

महालातला_धाकटा
एक्स्पोर्टची खिडकी आली. क्वालिटी ९० दाखवून राहिलं. १०० करू ना? प्रिंट काढायची आहे म्हणून विचारतो.

पिक्सेलकाका
९० ठेवा, फार तर ९५. हे टक्के नाहीत, १०० केलं म्हणजे मूळ फोटो शंभर टक्के राहिला असं काही नसतं, १०० लाही जेपीजी थोडं टाकूनच देतं आणि फाईल मात्र फुगते. तिथेच खाली 'शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो' वर टिक करा, फाईल किती मोठी होईल तो आकडा दिसतो, आकडा सरकवून सरकवून बघा म्हणजे विश्वास बसेल. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील कमी करतं, क्वालिटी ४०-५० वर आणली की गालावर, आकाशात ते चौकोन दिसायला लागतात.

संत्रासाल
आणि जेपीजी सारखं सारखं उघडू नका, प्रत्येक वेळी उघडलं की थोडं खराब होतं.

तर्री_जास्त
ना बे. उघडून काही होत नाही. उघडून, बदल करून, परत जेपीजी म्हणून काढलं की होते. नुसतं पाहिल्यानं फोटो झिजत असता तर आमच्या लग्नाचा अल्बम कधीच पांढरा झाला असता.

महालातला_धाकटा
अपडेट. जेपीजी निघाली, पण आज ऊन फार म्हणून स्टुडिओवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप केली. तो म्हणे काका फारच लहान आहे, १२ बाय १८ ला फाटेल. माझ्या कॉम्प्युटरवर तर मोठी दिसते! आता हे काय नवीन.

बर्डीवाली
व्हॉट्सअ‍ॅपनं दाबली. फोटो म्हणून पाठवला की तो आपल्या मनानं लहान करून पाठवतो. पिनेचं चिन्ह दाबून डॉक्युमेंट निवडा आणि त्यातून फाईल पाठवा, जशीच्या तशी जाते. नाहीतर ड्राइव्हची लिंक. पेनड्राइव्ह सगळ्यात बरा पण तुमचं ऊन...

पिक्सेलकाका
व्हॉट्सअ‍ॅप सोडा, मुळात फोटो किती पिक्सेलचा आहे ते सांगा. गिम्पमधे इमेज मेनूत स्केल इमेज उघडा, आकडे वाचा आणि कॅन्सल करा. कॅन्सल! काही बदलू नका.

महालातला_धाकटा
९०० बाय १३५०.

पिक्सेलकाका
म्हणजे दुकानदारानं ३०० डीपीआयला, इंचाला ३०० ठिपके असा, स्कॅन केला. हिशोब सोपा आहे, ३ इंच गुणिले ३००. आता हाच १२ इंचावर ताणला की इंचाला ७५ पिक्सेल उरतात, म्हणून पोरगा फाटेल म्हणतो, त्याचं बरोबर आहे. परत जा आणि सांगा ६०० डीपीआयला करा, रंगीत मोडमधे करा आणि टिफ किंवा पीएनजी द्या. १८०० बाय २७०० मिळेल, १२ बाय १८ ला इंचामागे १५० होतात. हातात धरायच्या फोटोला ३०० लागतात पण भिंतीवर लावलेला कोणी नाक लावून पाहत नाही, १५० चालतात. १२०० डीपीआयला स्कॅन केला तर आकडा ३०० येईल खरा, पण इतक्या जुन्या छोट्या प्रिंटमधे तेवढा बारकावा नसतोच, कागदाचे दाणे तेवढे मोठे होतात.

आणि कोणी सांगेल की स्केल इमेजमधे जाऊन आकडे मोठे करून टाका, तर तसं करू नका. पिठलं पातळ केल्यानं बेसन वाढत नाही.

संत्रासाल
काळा-पांढरा फोटो आणि स्कॅन रंगीत का?

पिक्सेलकाका
चांगला प्रश्न. जुन्या फोटोवरचे डाग पिवळे-तपकिरी असतात. रंगीत स्कॅनमधे डाग आणि खरी सावली वेगळी ओळखू येते, आधीच काळा-पांढरा स्कॅन केला की दोन्ही राखाडी. काम संपल्यावर कलर्स मेनूत डिसॅच्युरेट करायचं, म्हणजे रंग काढून टाकायचा.

महालातला_धाकटा
काका म्हणजे तीन रात्री पाण्यात 😭

तर्री_जास्त
पाण्यात नाही, हात बसला तुमचा. आता एका रात्रीत होईल. या वेळी एक करा, मूळ स्कॅनचा लेयर उजव्या बाजूला दिसते त्यावर राईट क्लिक, डुप्लिकेट लेयर, आणि सगळं काम वरच्या लेयरवर. खालच्याला बोट लावायचं नाही. आणि पहिलं काम कंट्रोल एस, नाव द्या बाबा_पोळा डॉट एक्ससीएफ. लाईट जाते आपल्याकडे, माहीत आहे ना.

महालातला_धाकटा
नवीन स्कॅन आणला (सकाळी साडेआठलाच दुकानासमोर जाऊन उभा राहिलो). फरक आहे बाप्पा, बाबांच्या टोपीची शिवण दिसून राहिली. पण रात्री अकरापासून एक अडचण, ब्रश चालतच नाही. हील टूल घेतलं, कंट्रोल दाबून क्लिक केलं, पण फोटोवर काही उमटतच नाही. दोनदा बंद करून चालू केलं, तरी तेच. एका कोपऱ्यात चालतं, बाकी नाही.

बर्डीवाली
कोपऱ्यात चालतं म्हणजे तिथे सिलेक्शन राहिलंय, निवडलेल्या भागाबाहेर ब्रश उमटत नाही. मुंग्या चालल्यासारखी तुटक रेघ दिसते का? सिलेक्ट मेनूत नन, किंवा कंट्रोल शिफ्ट ए. माझा यात पूर्ण रविवार गेला होता, म्हणून मला पाठ आहे.

महालातला_धाकटा
मुंग्याच होत्या! इतक्या बारीक की चष्म्यानं दिसल्या नाहीत. ताई तुम्हाला एक प्लेट तर्री पोहे लागू.

महालातला_धाकटा
रात्री दोन वाजता रिपोर्ट. आकाश, ओटा, भिंत एकदम साफ. बाबांच्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एक काळपट ओघळ होता, तो पण काढला, आता चेहरा कसा स्वच्छ. पण नंदीच्या डोक्याजवळ हील टूल घाण करून राहिलं. पांढरा नंदी आणि मागचा काळा दरवाजा, दोघं मिसळून राखाडी चिखल होते.

पिक्सेलकाका
हील टूल आजूबाजूचा रंग पाहून मिसळतं, म्हणून भिंत, कातडी, आकाश यावर छान. जिथे पांढऱ्याला लागून काळं आहे तिथे ते दोन्ही कालवतं. तिथे क्लोन टूल घ्या, ते जसंच्या तसं उचलून ठेवतं, मिसळत नाही. ब्रश लहान, कडा थोडी मऊ, आणि दर दोन-चार फटक्यांनी नवीन जागा निवडा, नाहीतर एकच डाग चार ठिकाणी दिसतो आणि लगेच कळतं.

महालातला_धाकटा
आणि शिंगाचं काय करू? डावं शिंग आहे, उजवं घडीत गेलं. डावं कापून उलटवून लावता येते का?

तर्री_जास्त
येते. फ्री सिलेक्टनं शिंगाभोवती फिरा, कॉपी, पेस्ट. गिम्प २.१० असेल तर पेस्ट केलेलं तरंगत राहते, फ्लोटिंग सिलेक्शन म्हणून दिसते, खालच्या नवीन लेयरच्या बटणावर क्लिक केलं की त्याचा वेगळा लेयर होते. मग लेयर मेनूत ट्रान्सफॉर्म, फ्लिप हॉरिझाँटली. मग सरकवून बसवा.

संत्रासाल
माझ्याकडे तर पेस्ट केल्यावर आपोआप वेगळा लेयर होतो?

तर्री_जास्त
तुझ्याकडे ३.० असेल, २०२५ मधे आलं ते. त्यात ही कटकट काढली.

बर्डीवाली
एक बोलू का, रागवू नका. घडी काढणं वेगळं आणि शिंग नवीन लावणं वेगळं. तिथे काय होतं ते आपल्याला माहीत नाही. मी असते तर घडी साफ करून शिंगाची जागा तशीच सोडली असती. आत्ताच एआयला नावं ठेवली ना आपण.

उन्हाळी_कूलर
ताई, नंदीला दोन शिंगं असतात, त्यात माहीत नसायला काय आहे 🙄

पिक्सेलकाका
दोघांचं ऐकतो. लावा, पण वेगळ्या लेयरवर लावा, खालच्यात मिसळवू नका. लेयरच्या नावावर दोनदा क्लिक करून 'शिंग' लिहा.

महालातला_धाकटा
लावलं. सुंदर दिसून राहिलं, बायकोला ओळखू आलं नाही. नंदी अजून आमच्या माळ्यावर आहे, एक शिंग मोडलेलं आहे त्याचं, म्हटलं फोटोत तरी पूर्ण राहू दे.

अजून एक, खाली 'तान्हा पोळा, महाल' लिहायचं आहे. स्टुडिओतला पोरगा म्हणे आम्ही लिहून देतो, पण त्याच्या कॉम्प्युटरवर 'तान्हा' मधला 'न्हा' फुटून राहिला, न् वेगळा ह वेगळा.

पिक्सेलकाका
फोटोशॉप जुनं असेल तर प्रेफरन्सेसमधे टाईपमधे भारतीय भाषांची सेटिंग चालू करावी लागते, नाहीतर जोडाक्षरं अशीच सुटी पडतात. तुम्ही गिम्पमधेच लिहा, तिथे युनिकोड मराठी नीट बसते. फॉन्ट मुक्त किंवा बालू घ्या, दोन्ही फुकट. आणि अक्षरं कडेला चिकटवू नका, लॅबमधे कडा थोड्या कापल्या जातात.

महालातला_धाकटा
मंडळी, चार दिवस गायब होतो, सांगतो काय झालं ते.

४ बाय ६ ची एक नमुना प्रिंट काढून आणली आणि राहवलं नाही म्हणून बाबांना आधीच दाखवली. त्यांनी पाहिली, बराच वेळ पाहिली, मग विचारलं, "हे शिंग कुठून आणलं बे?" मी म्हटलं घडीत गेलं होतं, मी लावलं. म्हणे, "घडीत काहून जाईल, ते तर त्याच दिवशी सकाळी मोडलं होतं. दादाच्या हातून पडला नंदी. मी इतका रडलो इतका रडलो की आईनं लावलेलं काजळ सारं गालावर उतरलं, अन् तसंच फोटोवाल्यासमोर उभं केलं मले." आणि मग गाल पाहून म्हणाले, "काजळ कुठी गेलं?"

आईसकट सगळे हसले, मी सोडून. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की शिंग आम्हा पोरांकडून मोडलं, आणि बाबांनीही कधी सांगितलं नाही.

तर आता शिंग काढायचं आहे आणि काजळ परत आणायचं आहे. शिंगाचा लेयर वेगळा आहे, त्याच्या नावाशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं, गेलं. पण गालाचं काय, तो तर मी पुसून टाकला.

तर्री_जास्त
खालचा मूळ स्कॅन आहे ना शिल्लक? मग काजळ आहेच, वरच्या लेयरखाली झाकलेलं. वरच्या लेयरवर या, इरेजर घ्या, गालावर हळूच फिरवा, खालचं दिसेल.

महालातला_धाकटा
फिरवलं. गाल पांढरा फटक झाला!! खालचं काही दिसत नाही.

बर्डीवाली
कंट्रोल झेड! तुमच्या लेयरला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शक व्हायची सोय, नाही, म्हणून खोडरबर भोक पाडण्याऐवजी मागचा रंग फासतो. लेयर मेनूत ट्रान्सपरन्सी, अ‍ॅड अल्फा चॅनेल. मग परत इरेजर. मऊ ब्रश, ओपॅसिटी ५०, दोन-तीनदा फिरवा म्हणजे कडा दिसणार नाही.

महालातला_धाकटा
आलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून निघून हनुवटीपर्यंत, जसंच्या तसं. मोठं करून पाहिलं तर उजव्या हाताच्या पाठीनं पुसल्याचा फराटा पण आहे, कानापर्यंत गेलेला, तो मला आधी दिसलाच नव्हता. शिंगाच्या जागी घडीचं थोडं उरलं होतं, तिथे काळा दरवाजा क्लोन केला. डिसॅच्युरेट केलं, एक्ससीएफ सेव्ह केली, ९५ वर जेपीजी एक्स्पोर्ट केली, पेनड्राइव्हवर टाकली, दोन्ही टाकल्या. उद्या सकाळी साडेआठला बर्डी.

बर्डीवाली
मी म्हटलं होतं शिंगाचं, पण मी काही बोलत नाही 😌

उन्हाळी_कूलर
बोललात ना ताई.

पिक्सेलकाका
शिंगाचा लेयर डिलीट करू नका, डोळा बंदच राहू द्या. आणि एक्ससीएफ अजून एका ठिकाणी ठेवा, पेनड्राइव्ह हरवतात.

महालातला_धाकटा
प्रिंट आली, फ्रेम लावायला दिली. पोरगा म्हणे काका चेहऱ्यावर डाग राहिला, फुकटात काढून देऊ का. म्हटलं हात नको लावू.

तर्री_जास्त
फाईलचं नाव काय ठेवलं शेवटी?

महालातला_धाकटा
बाबा_पोळा_फायनल_खरंच_फायनल_२